मानसशास्त्राच्या शोधनिबंधांत स्त्रिया किती, आणि कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान तीन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: एखाद्या नियतकालिकाची किंवा विभागाची मोजणी करू पाहणारे, संपादन करणारे, आणि आपले नाव निबंधावर योग्य जागी यावे म्हणून धडपडणारे संशोधक. उत्तरे सलग वाचलीच पाहिजेत असे नाही, पण मोजणी करणार असाल तर तिसरा आणि चौथा प्रश्न वगळू नका.

मानसशास्त्रात तर स्त्रियाच जास्त आहेत. मग प्रश्न कुठे उरतो?

वर्गात जास्त आहेत, हे खरे. अमेरिकेत मानसशास्त्रात पीएच.डी. मिळवणाऱ्यांत आता सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक स्त्रिया असतात. पण विद्यार्थी, पदवीधर, प्राध्यापक, पहिला लेखक, शेवटचा लेखक, संपादक, सर्वाधिक संदर्भ दिला जाणारा लेखक या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि वर जावे तसे स्त्रियांचे प्रमाण घटते. खालच्या पायरीवरचा आकडा दाखवून वरच्या पायरीबद्दल निश्चिंत होणे ही या चर्चेतली सर्वांत सामान्य चूक आहे.

शिवाय ‘मानसशास्त्र’ एकसंध नाही. विकासात्मक, शालेय आणि चिकित्सा मानसशास्त्रात लेखिकांचे प्रमाण जास्त दिसते. बोधात्मक मज्जाविज्ञान आणि गणिती मानसशास्त्रात ते बरेच कमी असते. सगळ्या उपशाखा एका टोपलीत घालून काढलेली सरासरी त्यांपैकी कुठल्याच शाखेचे चित्र दाखवत नाही.

हा असमतोल किती जुना आहे?

विद्याशाखेइतकाच. मेरी व्हिटन कॉल्किन्स यांनी १८९५ पर्यंत हार्वर्डमध्ये डॉक्टरेटची सगळी पूर्तता केली, पण स्त्री म्हणून विद्यापीठाने पदवी दिली नाही. १९०५ मध्ये त्याच अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मार्गारेट फ्लॉय वॉशबर्न यांना १८९४ मध्ये कॉर्नेलमधून पीएच.डी. मिळाली. मानसशास्त्रात ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि १९२१ मध्ये त्याही त्याच संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. त्यानंतरच्या महिला अध्यक्ष ॲन ॲनास्तासी, १९७२ साली. मध्ये अर्धशतक रिकामे गेले.

लेखनात आणखी एक गोष्ट घडत आली. संदर्भात फक्त आडनाव उरले की लेखिका दिसेनाशी होते. अपुरे राहिलेले काम जास्त लक्षात राहते, हा १९२७ चा निष्कर्ष ब्ल्यूमा झायगार्निक यांचा. गटात वेगळी दिसणारी वस्तू चटकन आठवते, हा १९३३ चा निष्कर्ष हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांचा. दोन्ही परिणाम आडनावाने शिकवले जातात आणि अनेक विद्यार्थी त्यामागे पुरुषच गृहीत धरतात. ‘लिटल अल्बर्ट’ (एका बाळात भीती निर्माण करण्याचा प्रयोग) यावरील १९२० च्या निबंधावर वॉटसन यांच्याबरोबर रोझली रेनर यांचे नाव छापलेले आहे, तरी बोलताना तो प्रयोग एकट्या वॉटसन यांचा होतो.

स्त्रियांच्या कामाचे श्रेय पुरुषांकडे सरकण्याच्या या प्रकाराला इतिहासकार मार्गारेट रॉसिटर यांनी १९९३ मध्ये ‘मटिल्डा परिणाम’ असे नाव दिले. त्याआधी, १९६८ मध्ये, प्रसिद्ध असलेल्यालाच अधिक श्रेय मिळते हे सांगणारा ‘मॅथ्यू परिणाम’ रॉबर्ट मर्टन यांनी मांडला होता. त्याचा मोठा आधार हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखती होत्या. तो निबंध दोघांच्या नावाने यायला हवा होता, असे मर्टन यांनी पुढे स्वतःच नमूद केले.

लेखकांतले प्रमाण मोजायचे म्हणजे नेमके काय मोजायचे?

इथे आधी ठरवले नाही तर पुढचे सगळे काम वाया जाते. किमान चार वेगळे आकडे संभवतात: सर्व लेखक, पहिला लेखक, शेवटचा लेखक आणि पत्रव्यवहार करणारा लेखक. मानसशास्त्रात पहिले नाव बहुधा सर्वाधिक काम करणाऱ्याचे असते. प्रयोगशाळेत चालणाऱ्या उपशाखांत शेवटचे नाव प्रमुखाचे असते, पण सगळीकडे तसे नसते. काही ठिकाणी शेवटचे नाव म्हणजे सर्वांत कमी वाटा. म्हणून शेवटच्या लेखकाचा आकडा उपशाखेनुसारच वाचावा.

नियम आधी लिहून ठेवा. एकच लेखक असेल तर तो ‘पहिला’ धरायचा, ‘शेवटचा’ नाही. दोनच लेखक असतील तर दुसऱ्याला ‘शेवटचा’ म्हणायचे की नाही, हे ठरवा आणि दोन्ही प्रकारे मोजून पाहा. ‘समान योगदान’ अशी टीप असेल तर दोघांनाही पहिले धरा, पण छापील क्रम वेगळ्या रकान्यात नोंदवा. जैववैद्यकीय निबंधांत समान योगदान देणाऱ्या स्त्री-पुरुष जोडीत पुरुषाचे नाव आधी छापले जाण्याचा कल आढळलेला आहे, आणि तो टिपायचा तर क्रमाची नोंद लागतेच.

मग येतो पूर्ण मोजणी की अंशात्मक मोजणी, हा प्रश्न. दोनच निबंध घ्या. एक एकट्या स्त्रीचा. दुसऱ्यावर दहा नावे, त्यांत नऊ पुरुष आणि एक स्त्री. पूर्ण मोजणीत ११ नावांपैकी २ स्त्रिया, म्हणजे १८.२ टक्के. अंशात्मक मोजणीत प्रत्येक निबंधाचे एक श्रेय लेखकांत समान वाटले जाते. स्त्रियांकडे १ अधिक ०.१, म्हणजे २ पैकी १.१ श्रेय येते: ५५ टक्के. निबंध तेच, निष्कर्ष उलटा. मोठ्या गटांचे लेखन असलेल्या उपशाखांत ही तफावत हमखास दिसते. दोन्ही आकडे द्या आणि मथळ्यात कोणता वापरला ते स्पष्ट लिहा.

संपादकीय, पुस्तक परीक्षण, निमंत्रित लेख आणि भाष्ये मूळ संशोधनात मिसळू नका. निमंत्रण कोणाला गेले हा संपादकाच्या निवडीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वेगळेच निघू शकते.

नावावरून लिंग ओळखणारी साधने कितपत विश्वासार्ह आहेत?

पाश्चात्त्य नावांसाठी बऱ्यापैकी, इतरांसाठी कमी. जेंडराइझ, जेंडर एपीआय, नॅमसॉर ही नेहमीची साधने. ती पहिल्या नावावरून (काही आडनाव किंवा देशही विचारात घेऊन) शक्यता सांगतात. २०१८ मध्ये सांतामारिया आणि मिहाल्येविच यांनी अशा पाच सेवा एकाच चाचणी-संचावर तपासल्या. आशियाई नावांवर सगळ्यांचीच कामगिरी घसरली.

कारणे समजून घेतली की चुका अंदाजात येतात. चिनी नावे रोमन लिपीत आली की मूळ अक्षरे आणि स्वर हरवतात, त्यामुळे स्त्री-पुरुष भेद सांगणारी खूणच पुसली जाते. आंद्रेआ हे इटलीत पुरुषाचे तर जर्मनीत स्त्रीचे नाव. झाँ फ्रेंचमध्ये पुरुष, तेच अक्षरलेखन इंग्रजीत जीन, म्हणजे बहुधा स्त्री. किरण, सुमन यांसारखी नावे दोघांचीही असतात. साधन अशा वेळी कधी ‘अज्ञात’ म्हणते, तर कधी ठाम पण चुकीचे उत्तर देते. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण तो दिसत नाही.

चूक दोन्ही बाजूंना सारखी नसेल तर अंतिम आकडा वाकतो. समजा प्रत्यक्षात ६० टक्के लेखिका आहेत. साधन १० टक्के स्त्रियांना पुरुष आणि ३ टक्के पुरुषांना स्त्री ठरवते. मोजणीत ५५.२ टक्के येतील. ही जवळपास पाच टक्क्यांची ‘दरी’ निव्वळ साधनाने तयार केलेली आहे.

म्हणून कामाची पद्धत अशी ठेवावी:

- शक्यतेची किमान मर्यादा आधी ठरवा, उदाहरणार्थ ०.९०. तिच्याखालची सगळी नावे ‘अज्ञात’.
- यादृच्छिक २०० नावे काढून दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे तपासावीत: संस्थेचे पान, तिथे व्यक्तीने स्वतःबद्दल वापरलेली सर्वनामे. छायाचित्रावरून ठरवू नये. तिथेही अंदाजच असतो आणि तो अधिक ठाम वाटतो.
- स्त्रियांच्या आणि पुरुषांच्या चुकांचा दर वेगवेगळा काढा.
- ‘अज्ञात’ वगळून आलेला आकडा एकटा देऊ नका. १००० लेखकांत ४२० स्त्रिया, ४८० पुरुष आणि १०० अज्ञात असतील, तर अज्ञात वगळून ४६.७ टक्के येतात. पण सगळे अज्ञात पुरुष धरले तर ४२ आणि सगळ्या स्त्रिया धरल्या तर ५२ टक्के. वाचकाला हा पल्ला दिसलाच पाहिजे.

फक्त आद्याक्षरे असतील तर?

एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीच्या संदर्भसूचीत पहिली नावे आद्याक्षरांतच येतात, म्हणून संदर्भसूची हा मोजणीचा स्रोत नव्हे. डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक) घेऊन निबंधाच्या मूळ पानावर जा, किंवा क्रॉसरेफ आणि ओपनॲलेक्स या निबंधांच्या नोंदींच्या खुल्या साठ्यांमधून पूर्ण नावे मिळवा. तरीही उरलेल्यांसाठी ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतःचा कायमचा ओळख-क्रमांक) पाहावा. ऑर्किड २०१२ च्या ऑक्टोबरपासून आहे, त्यामुळे जुन्या निबंधांवर तो सापडेलच असे नाही. जुन्या दशकांत आद्याक्षरेच छापणारी नियतकालिके होती, आणि तिथे ‘अज्ञात’चे प्रमाण कालानुसार बदलते. दशकांची तुलना करताना हे विसरले की वाढ किंवा घट भासमान निघते.

स्त्री-पुरुष या दोन रकान्यांत न बसणाऱ्या लेखकांचे काय?

नावावर आधारलेली कोणतीही पद्धत त्यांना मोजू शकत नाही. हे निबंधाच्या तळटीपेत नव्हे, पद्धतीच्या पहिल्या परिच्छेदात लिहावे. आणि ‘लेखकाचे लिंग’ असे न म्हणता ‘नावावरून अनुमानित लिंग’ म्हणावे. एकेका व्यक्तीचे अनुमान असलेली फाइल खुली ठेवू नये. एकत्रित आकडे पुरेसे असतात.

नाव बदललेल्या लेखकांसाठी अनेक मोठ्या प्रकाशकांनी २०२० नंतर जुन्या निबंधांवरचे नाव बदलण्याची सोय केली आहे. त्यासोबत जाहीर शुद्धिपत्र काढण्याची सक्ती नसते. जुना डेटा वापरत असाल तर तो विश्लेषणाआधी पुन्हा उतरवून घ्या, नाहीतर त्यांनी मागे सोडलेले नाव तुमच्याकडून पुन्हा प्रसिद्ध होईल. लग्नानंतर आडनाव बदललेल्यांच्या बाबतीत वेगळी अडचण येते. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होतात आणि तिची कारकीर्द अर्धवट दिसते. ऑर्किडने जोडणी करता येते.

आकडा कशाशी ताडून पाहायचा? ५० टक्क्यांशी?

सरसकट ५० टक्के ही कसोटी इथे फसवी आहे. ज्या उपशाखेत पीएच.डी.धारकांत ७० टक्के स्त्रिया आहेत, तिथे पहिल्या लेखकांत ५० टक्के ही समता नसून तूट आहे. पहिल्या लेखकांसाठी अलीकडच्या वर्षांतले पीएच.डी.धारक आणि सध्याचे शोधछात्र हा योग्य आधार. शेवटच्या लेखकांसाठी १०–२० वर्षांपूर्वीची तुकडी घ्यावी लागते, कारण प्रयोगशाळाप्रमुख व्हायला तेवढा काळ जातो. मात्र ‘वेळ गेला की आपोआप भरून निघेल’ हे उत्तर तपासल्याशिवाय स्वीकारू नका. २० वर्षांपूर्वीच्या तुकडीत जितक्या स्त्रिया होत्या तितक्या आज वरच्या जागी नसतील, तर कारण वेळ नव्हे, गळती आहे.

नियतकालिकासाठी सर्वांत योग्य आधार म्हणजे त्याच्याकडे आलेली हस्तलिखिते. आली किती, संपादकाने परीक्षणाशिवाय परत किती पाठवली, परीक्षणाला किती गेली, सुधारणेसाठी किती परतली, स्वीकारली किती: पाचही टप्प्यांवर प्रमाण काढा. आलेल्यांत ४५ टक्के आणि स्वीकारलेल्यांतही ४५ टक्के असेल, तर अडथळा दारापाशी नाही, दारापर्यंत येण्याच्या वाटेवर आहे. छापून आलेल्या निबंधांवरून हा फरक कधीच कळत नाही, आणि संपादकांनी हे आकडे दडवून ठेवणे आता समर्थनीय राहिलेले नाही.

मग परीक्षक पक्षपाती असतात का?

पुरावा एका दिशेचा नाही, आणि तसा तो मांडणे प्रामाणिकपणाचे आहे. १९९९ मध्ये स्टाइनप्राइस आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना एकच कार्यवृत्त (सीव्ही) कधी पुरुषाच्या, कधी स्त्रीच्या नावाने पाठवले. नेमणुकीसाठी पुरुषाच्या नावाला पसंती मिळाली, आणि ती देणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. दुसरीकडे, २०२१ मध्ये स्क्वाझोनी आणि सहकाऱ्यांनी १४५ नियतकालिकांची अंतर्गत माहिती तपासली तेव्हा स्त्रियांच्या हस्तलिखितांना परीक्षणात पद्धतशीर वाईट वागणूक मिळाल्याचे दिसले नाही. पण नेमणूक आणि परीक्षण या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे ध्यानात ठेवा.

परीक्षक निवडीत मात्र स्पष्ट कल आढळतो: संपादक आपल्याच लिंगाचे परीक्षक अधिक निवडतात. २०१७ मध्ये हेल्मर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवले. संपादक मंडळात पुरुष जास्त असले की हा कल आपोआप खाली झिरपतो. मानसशास्त्राच्या आघाडीच्या नियतकालिकांत संपादकांपैकी सुमारे ६० टक्के पुरुष असल्याचे २०२२ च्या एका पाहणीत दिसले.

नावे झाकून परीक्षण केले तर फरक पडतो?

नाव काय करू शकते हे मानसशास्त्रानेच दाखवले आहे. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पीटर्स आणि सेसी यांनी आधीच छापून आलेले १२ निबंध, लेखक आणि संस्था काल्पनिक करून, त्याच नियतकालिकांकडे पुन्हा पाठवले. तीनच ओळखले गेले. उरलेल्या नऊपैकी आठ नाकारले गेले. इथे बदल प्रतिष्ठित संस्थेच्या नावात होता, लिंगात नव्हे. लिंगाबाबतचा पुरावा अधिक वादग्रस्त आहे. परिस्थितिशास्त्रातल्या एका नियतकालिकात नावे झाकल्यावर लेखिका वाढल्याचा दावा २००८ मध्ये झाला. त्याच वर्षी इतरांनी दाखवले की तशी वाढ नावे न झाकणाऱ्या नियतकालिकांतही होती. तुलनेसाठी गट घेतला नाही की असे होते.

तरी नावे झाकणे स्वस्त आहे आणि करावे, पण नीट करावे. ओळख बहुधा या ठिकाणी फुटते: फाइलच्या गुणधर्मांतले लेखकाचे नाव, ‘आमच्या आधीच्या अभ्यासात’ असे वाक्य, आभार आणि अनुदान क्रमांक, नीतिसमितीच्या संस्थेचे नाव, संगणकीय कोडच्या साठ्याचा पत्ता, आणि सायआर्काइव्ह या छपाईपूर्व निबंधांच्या साठ्यावर आधीच टाकलेली प्रत. पूर्वनोंदणीसाठी (अभ्यासाची योजना आधीच नोंदवण्यासाठी) ओएसएफ हे संकेतस्थळ वापरत असाल तर फक्त पाहण्याचा दुवा तयार करताना नावे लपवण्याचा पर्याय निवडा. स्वतःचे आधीचे काम तृतीयपुरुषात, आडनाव आणि वर्ष देऊन लिहा. ‘लेखक, २०१९’ असे झाकलेले संदर्भ उलट जास्त लक्ष वेधतात.

स्त्रिया कमी लिहितात, हेच कारण नाही का?

एकूण कारकिर्दीत कमी निबंध, हे खरे. पण २०२० मध्ये हुआंग आणि सहकाऱ्यांनी ८३ देशांतल्या आणि १३ विद्याशाखांतल्या सुमारे १५ लाख लेखकांच्या कारकिर्दी तपासल्या. दर वर्षाला निबंधांची सरासरी स्त्री-पुरुषांत जवळपास सारखी निघाली. फरक मुख्यतः कारकिर्दीच्या लांबीत होता. दरवर्षी संशोधन सोडून जाण्याची जोखीम स्त्रियांसाठी १९.५ टक्क्यांनी अधिक होती. म्हणजे ‘अधिक लिहा’ हा सल्ला चुकीच्या जागी दिला जातो. टिकून राहता येईल अशी पदे, रजा आणि निधी यांवर बोलायला हवे.

कोविडच्या पहिल्या लाटेने हे उघड केले. फेब्रुवारी ते मे २०२० मध्ये एल्सेव्हियरच्या २३२९ नियतकालिकांकडे हस्तलिखितांचा पूर आला, पण स्त्रियांच्या हस्तलिखितांची वाढ पुरुषांपेक्षा कमी राहिली. घरातली काळजीची कामे कोणाकडे गेली, हे त्या आकड्यांत दिसते.

संदर्भ देण्यातही फरक असतो?

असतो. २०२० मध्ये ड्वॉर्किन आणि सहकाऱ्यांनी मज्जाविज्ञानाच्या पाच प्रमुख नियतकालिकांतल्या संदर्भसूची तपासल्या. विषय, वर्ष आणि ज्येष्ठता धरूनही पुरुषांनी नेतृत्व केलेल्या निबंधांना अपेक्षेपेक्षा जास्त, आणि स्त्रियांनी नेतृत्व केलेल्यांना कमी संदर्भ मिळत होते. त्यातूनच काही लेखक आपल्या सूचीतले प्रमाण निबंधाच्या शेवटी जाहीर करू लागले. आकडा सजवण्यासाठी शेवटच्या क्षणी चार नावे घालणे निरुपयोगी. वाचन सुरू करतानाच शोध रुंद ठेवला, तर सूची आपसूक बदलते.

‘पुरुष स्वतःचे संदर्भ जास्त देतात’ हे विधान जपून वापरा. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात पुरुषांचे स्व-संदर्भ ५६ टक्क्यांनी अधिक आढळले. पण ज्याचे आधीचे निबंध जास्त, त्याला स्वतःचे संदर्भ द्यायला सामग्रीही जास्त. ते धरून केलेल्या विश्लेषणात हा फरक टिकत नाही, असे २०२० मध्ये दाखवले गेले.

माझे नाव योग्य जागी यावे यासाठी काय करता येईल?

ही केवळ वैयक्तिक काळजी नाही. अमेरिकी संशोधन गटांच्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात, त्याच गटात काम करूनही निबंधावर नाव येण्याची शक्यता स्त्रियांसाठी सुमारे १३ टक्क्यांनी कमी निघाली. गळती छपाईच्या आधीच होते, आणि छापील नावे मोजून ती कधीच दिसत नाही.

डेटा गोळा करण्यापूर्वीच बोला. कोण काय करणार, क्रम कोणता, आणि काम बदलले तर क्रम कधी पुन्हा पाहायचा, हे ईमेलवर लिहून सर्वांना पाठवा. विश्लेषण पूर्ण झाल्यावर एकदा आणि पहिला मसुदा झाल्यावर एकदा ते पुन्हा उघडा. क्रेडिट, म्हणजे निबंधातले योगदान चौदा भूमिकांत मांडणारी वर्गवारी, समोर ठेवली तर संवाद व्यक्तीवरून कामावर येतो. कल्पना, पद्धत, डेटा व्यवस्थापन, मूळ मसुदा, देखरेख: प्रत्येकापुढे नाव. एपीएच्या नीतिसंहितेतला ८.१२ हा नियम सांगतो की लेखकत्व आणि क्रम प्रत्यक्ष योगदानावर ठरावा, पदावर नव्हे, आणि मुख्यतः विद्यार्थ्याच्या प्रबंधावर आधारलेल्या बहुलेखकी निबंधात, अपवाद सोडता, विद्यार्थीच प्रमुख लेखक असावा. मार्गदर्शकाशी बोलताना हा नियम थेट दाखवावा. सहभागी जमवणे, डेटा स्वच्छ करणे, प्रशिक्षण देणे ही कामे ‘मदत’ या नावाखाली आभारांत ढकलली जातात. ती रोजच्या रोज तारखेसह नोंदवा.

निबंधात सहभागींचे लिंग नोंदवण्याचे नियम आणि हे एकच का?

नाही. २०१६ ची सेजर मार्गदर्शक तत्त्वे (संशोधनात लिंगाची नोंद कशी करावी हे सांगणारी) अभ्यासातल्या सहभागींबद्दल आहेत. लेखकांच्या प्रमाणाशी त्यांचा संबंध नाही.

एका नियतकालिकाची छोटी पाहणी करायची आहे. किती निबंध घ्यावेत?

४०० पहिल्या लेखकांवर काढलेल्या ५० टक्क्यांची त्रुटी-मर्यादा सुमारे ४.९ टक्के असते. १०० घेतले तर ती जवळपास १० टक्क्यांवर जाते. वर्षागणिक दोन-तीन टक्क्यांची वाढ १०० निबंधांवरून सिद्ध होत नाही. सर्व लेखक मोजत असाल तर ही सोपी गणिते चालत नाहीत: एका निबंधाचे सहलेखक एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि तीच व्यक्ती अनेक निबंधांवर येते. अशा वेळी बूटस्ट्रॅप (नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा यादृच्छिक नमुने काढून त्रुटी मोजण्याची पद्धत) करताना लेखक नव्हे, निबंध उचला. लहान नियतकालिक असेल तर नमुना काढण्याऐवजी पाच वर्षांचे सगळे अंक घ्या.

लेखकांनाच विचारले तर अनुमानाची गरज राहणार नाही, नाही का?

बरोबर, आणि शक्य असेल तिथे तेच करावे. प्रश्न ऐच्छिक असावा, ‘सांगू इच्छित नाही’ हा पर्याय असावा, आणि उत्तर संपादक वा परीक्षकाला दिसता कामा नये. अनेक यंत्रणांत हा प्रश्न फक्त पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला विचारला जातो, आणि मग सहलेखकांबद्दल काहीच कळत नाही. प्रत्येक सहलेखकाला स्वतंत्र दुवा गेला पाहिजे. एकाने दुसऱ्याचे लिंग भरू नये. प्रतिसादाचे प्रमाण आकड्यासोबत छापा. दहापेक्षा कमी व्यक्ती असलेला गट वेगळा दाखवू नका, कारण लहान उपशाखेत तेवढ्यावरून माणूस ओळखू येतो.